गुण येणे, मानवणे आणि सोडून देणे : दीर्घकालीन आजारात रुग्णाची समजूत

औषधाच्या परिणामाविषयी मराठीत जे शब्द सहज ओठांवर येतात, त्यांतले बहुतेक थोड्या दिवसांच्या आजारातून आलेले आहेत. ताप उतरतो, औषध लागू पडते, दुखण्याला उतार पडतो, अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण असतो आणि अखेर माणूस उठून कामाला लागतो. आजाराला सुरुवात असते तसा शेवटही असतो आणि त्या शेवटापर्यंत पोहोचवणे हेच औषधाचे काम, असे या सगळ्या शब्दांनी गृहीत धरलेले असते. उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांसारख्या दीर्घकालीन आजारांत, म्हणजे जे आटोक्यात ठेवता येतात पण बहुधा समूळ जात नाहीत अशा आजारांत, हे गृहीतच कोसळते. तिथे गोळी घेतल्याने पुष्कळदा काहीच जाणवत नाही, कारण काही न घडणे हाच तिचा परिणाम असतो. पक्षाघात झाला नाही, डोळ्यांचा पडदा शाबूत राहिला, मूत्रपिंडे काम करत राहिली, या न घडलेल्या गोष्टी रुग्णाला दिसत नाहीत. दिसते ती रोज सकाळची गोळी, महिन्याच्या महिन्याला औषधाच्या दुकानात मोजावे लागणारे पैसे, आणि आपण आजारी आहोत याची रोज नव्याने होणारी आठवण.

अशा स्थितीत किती रुग्ण औषध ठरल्याप्रमाणे घेतात, हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मधील एका अहवालात हाती घेतला, आणि विकसित देशांत दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट चालू ठेवतात, तर विकसनशील देशांत हे प्रमाण आणखी कमी असते, असे त्यात नोंदवले. भारतापुरता या प्रश्नाचा आवाका भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाठबळ दिलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून कळतो. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या ३१ कोटींच्या पुढे आहे. इतक्या लोकांच्या घरातली औषधाची पट्टी अर्धी राहते की संपते, हे केवळ विसरभोळेपणावर किंवा शिस्तीवर ठरत असेल, असे मानणे कठीण आहे.

तरीही बराच काळ तसेच मानले गेले. रुग्ण औषध न घेताच घेतल्याचे सांगतात, याबद्दल वैद्याने सावध असावे, असा इशारा हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक ग्रंथसंग्रहातही आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तेव्हा त्याला ‘कम्प्लायन्स’, म्हणजे सरळ अर्थाने आज्ञापालन, हे नाव मिळाले. पुढे त्यातली हुकमत खटकू लागल्याने ‘अ‍ॅडहिअरन्स’ हा शब्द आला, ज्याला मराठीत उपचार-सातत्य म्हणता येईल, आणि १९९७ मध्ये ब्रिटनमधील फार्मासिस्टांच्या संस्थेने त्याही पुढे जाऊन वैद्य व रुग्ण यांच्या ‘सहमती’ची भाषा सुचवली. शब्दांचा हा प्रवास वरवरचा वाटला तरी तसा नाही, कारण आज्ञापालन म्हटले की न पाळणारा दोषी ठरतो आणि त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची गरज उरत नाही. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगताना वैद्य, औषध आणि शुश्रूषा करणारा यांच्याबरोबर रुग्णालाही स्थान दिलेले आहे आणि त्याचे चार गुण मानले आहेत : स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपल्या आजाराविषयी वैद्याला नीट सांगता येणे. आधुनिक वैद्यकाने पहिल्या दोन गुणांचा पाठपुरावा चिकाटीने केला; भीती आणि सांगणे या उरलेल्या दोन बाबींकडे वळायला त्याला बराच वेळ लागला.

हे वळण का घ्यावे लागले, याचे उत्तर कॅनडातील एका प्रयोगात सापडते. हॅमिल्टन शहरातील मॅकमास्टर विद्यापीठाचे डेव्हिड सॅकेट, ब्रायन हेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी पोलाद कारखान्यातील उच्च रक्तदाब असलेल्या २३० कामगारांवर दोन उपाय करून पाहिले. एक उपाय सोयीचा होता : डॉक्टर कारखान्यातच, कामाच्या वेळात भेटतील. दुसरा ज्ञानाचा होता : रक्तदाब म्हणजे काय, तो का वाढतो, गोळ्या का घ्यायच्या, हे कामगारांना पक्के समजेपर्यंत शिकवायचे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही आरोग्यशिक्षणाच्या फलकांवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. शिकवलेल्या कामगारांना रक्तदाबाविषयी इतरांपेक्षा खूप जास्त माहिती झाली, पण त्यांनी गोळ्या जास्त नियमितपणे घेतल्या नाहीत. सोयीचाही उपयोग झाला नाही. याच गटाने तीन वर्षांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. तपासणीत आपल्याला रक्तदाब आहे असे कळलेल्या कामगारांची आजारपणाची रजा लक्षणीय वाढली, आणि या वाढीचा उपचार सुरू झाला की नाही याच्याशी संबंध दिसला नाही. म्हणजे निदानाच्या शब्दानेच काही माणसे आजारी पडल्यासारखी वागू लागली होती. माहिती मनात शिरते तेव्हा ती जागा रिकामी नसते, तिथे आधीच एक समजूत नांदत असते, हे या दोन्ही निष्कर्षांतून उघड होते.

ही समजूत कशाची बनलेली असते, याचा शोध दीर्घकाळ घेणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हन्थाल यांनी असे दाखवले की आजाराशी गाठ पडताच सामान्य माणूस आपल्यापुरता एक सिद्धान्त रचतो, ज्यात पाच प्रश्नांची उत्तरे असतात : हा आजार कोणता आणि तो ओळखायचा कशावरून, तो कशामुळे झाला, किती दिवस राहील, त्याने काय नुकसान होईल, आणि तो बरा करता किंवा आवरता येईल का. या पाचांची उत्तरे माणूस ग्रंथांतून आणत नाही. अंगावर काढलेले ताप, शेजाऱ्याचा पक्षाघात, आईची साखर, औषधाच्या दुकानात कानावर पडलेले बोलणे, यांतून ती जमतात. लेव्हन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांविषयी जे प्रसिद्ध केले ते यामुळेच लक्षात राहते. बहुतेक रुग्णांना हे मान्य होते की रक्तदाब वाढल्याचे माणसाला समजत नाही, परंतु स्वतःच्या बाबतीत मात्र डोके दुखल्यावरून, चेहरा तापल्यावरून किंवा छातीत धडधडल्यावरून तो ओळखता येतो, असा त्यांच्यापैकी बहुतेकांचा विश्वास होता. मग ज्या दिवशी डोके शांत त्या दिवशी गोळी कशाला, हा तर्क आपोआप येतो, आणि तो मूर्खपणाचा नसून त्या समजुतीतून अगदी सरळ निघालेला असतो. आजार तापासारखा येऊन जाणारा आहे असे मानणाऱ्या रुग्णांनी उपचार मध्येच सोडण्याचा संभवही जास्त होता.

या समजुतीबद्दल रुग्णांना हसण्याचा अधिकार वैद्यकालाही फारसा नाही. वाढत्या वयात अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलण्यासाठी वाढीव दाब गरजेचाच आहे, तो उतरवणे धोक्याचे ठरेल, असे मानणारे नामवंत डॉक्टर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते, आणि या आजाराच्या इंग्रजी नावातला ‘इसेन्शियल’, म्हणजे आवश्यक, हा शब्द त्या विचाराला पोषकच होता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत गेला होता आणि त्याला आळा घालणारे प्रभावी औषध त्या काळच्या डॉक्टरांच्या हाती नव्हते. गोळ्यांनी जीव वाचतो याचा स्पष्ट पुरावा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने १९६७ मध्ये दिला. तीव्र रक्तदाब असलेल्या १४३ पुरुषांपैकी ज्या ७० जणांना औषध नसलेल्या दिखाऊ गोळ्या मिळाल्या त्यांच्यापैकी २७ जणांना मृत्यूने किंवा गंभीर गुंतागुंतीने गाठले, तर खरे औषध घेणाऱ्या ७३ जणांत असे दोनच प्रसंग घडले. जी गोष्ट पटायला वैद्यकाला असा पुरावा लागला, ती रुग्णाला एका चिठ्ठीवर पटावी ही अपेक्षा जास्तच आहे.

आजाराविषयीच्या समजुतीइतकीच औषधाविषयीची समजूत निर्णायक असते, आणि तिला मोजण्याजोगे रूप ब्रिटनमधील रॉब हॉर्न व जॉन वाइनमन यांनी दिले. दमा, मूत्रपिंडाचे विकार, हृदयविकार आणि कर्करोग असलेल्या ३२४ रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडणीनुसार प्रत्येक रुग्णाच्या मनात एक तराजू असतो : एका पारड्यात ‘या औषधाची मला गरज किती’ आणि दुसऱ्यात ‘याने माझे काय बिघडेल’ ही काळजी. बहुतेकांना औषध गरजेचे वाटत होते, तरी एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या मनात त्याच औषधाविषयी तीव्र शंका होत्या, आणि औषध नियमित घेतले जाते की नाही याचा अंदाज रुग्णाचे वय, शिक्षण किंवा आजाराचा प्रकार यांपेक्षा या तराजूवरून अधिक चांगला बांधता येत होता. ही मांडणी पुढे अनेक देशांत आणि अनेक आजारांत तपासली गेली आणि मोठ्या प्रमाणावर टिकली.

मराठी घरांत दुसऱ्या पारड्यात काय काय असते, याची यादी प्रत्येक वाचक स्वतः करू शकेल. इंग्रजी औषध ‘गरम पडते’, त्याची ‘सवय लागते’, एकदा सुरू केले की सुटत नाही, आणि सर्वांत मोठी धास्ती म्हणजे गोळ्यांनी किडनी खराब होते. मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी दक्षिण कर्नाटकच्या किनारपट्टीवर केलेल्या अभ्यासातही पाश्चात्त्य औषध जोरदार, चटकन काम करणारे पण शरीरात उष्णता वाढवणारे मानले जाते, असे दिसले होते. तेव्हा ही भाषा एकट्या महाराष्ट्राची नाही. ‘औषध मानवते’ या मराठी वाक्प्रचारात तर एक पूर्ण सिद्धान्तच दडलेला आहे : औषध आणि माणसाची प्रकृती यांचे जमले पाहिजे, आणि जमत नसेल तर औषध कितीही उत्तम असले तरी ते त्या माणसाचे नव्हे. या सिद्धान्तात तथ्य आहे, कारण एकाच औषधाचा परिणाम व त्रास दोन माणसांत वेगळा असू शकतो हे आधुनिक औषधशास्त्रही मानते; अडचण एवढीच की मानवले नाही म्हणून गोळी परस्पर बंद होते आणि पर्यायी गोळी देऊ शकणाऱ्या डॉक्टरला ते कळतच नाही.

किडनीची धास्ती थोडी थांबून पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात कार्यकारणाची साखळी उलटी जोडली जाते. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि रक्तदाब हीच मूत्रपिंडे निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत, पण हे नुकसान व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तोवर रुग्ण तेवढीच वर्षे गोळ्या, बहुधा अधूनमधून, घेत आलेला असतो. डायलिसिसची वेळ येते तेव्हा नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर आजार नसतो, गोळ्या असतात. आणि त्या घरातला पुढचा मधुमेही गोळी हातात घेतानाच घाबरलेला असतो. शिवाय या भीतीला खऱ्या अनुभवाचाही आधार मिळतो, कारण सांधेदुखीवर दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना खरोखर इजा करतात. सगळ्या गोळ्या एकाच जातीच्या, असे मानल्यामुळे वेदनाशामकाचा दोष रक्तदाबाच्या गोळीच्या माथी येतो. ‘गोळ्यांनी काही होत नाही’ असे ठणकावणारा डॉक्टर हा फरक सांगण्याची संधी गमावतो, आणि रुग्णाच्या लेखी तो खोटाही पडतो.

इन्शुलिनच्या बाबतीत हाच उलटा क्रम अधिक क्लेशकारक होतो. साखरेच्या आजारात इंजेक्शनवर जाणे म्हणजे शेवट जवळ आला, अशी दृढ समजूत आहे, आणि पुष्कळदा डॉक्टरच ‘पथ्य पाळले नाही तर इंजेक्शन द्यावे लागेल’ असे बजावून तिला खतपाणी घालतात. मग इन्शुलिन सुरू होते तेव्हा रुग्णाला तो आपल्या अपयशाचा शिक्का वाटतो. वस्तुस्थिती अशी की प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींची क्षमता वर्षागणिक घटत जाते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू होऊन वीस वर्षे चाललेल्या, पाच हजारांहून अधिक नवे मधुमेही सामावून घेणाऱ्या अभ्यासात एकाच औषधावर साखर आटोक्यात राहण्याचे प्रमाण तीन वर्षांनी निम्म्यावर आणि नऊ वर्षांनी सुमारे एक चतुर्थांशावर आले होते. म्हणजे औषध वाढवावे लागणे ही या आजाराची चालच आहे. ते निदानाच्या दिवशीच सांगितले गेले असते, तर कारल्याचा रस, मेथ्या आणि जांभळाच्या बियांची पूड गोळ्यांच्या जोडीला राहिली असती, गोळ्यांच्या जागी आली नसती.

उपासाचा प्रश्नही याच जातीचा आहे. मधुमेहावरच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात आणि त्या घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यामुळे एकादशीला, चतुर्थीला किंवा नवरात्राचे नऊ दिवस गोळी वगळणाऱ्या बाईचे गणित पूर्णपणे चुकीचे नसते. मात्र साबुदाण्याची खिचडी, रताळे आणि बटाटा यांच्या उपासात पोट रिकामे राहतच नाही, साखर उलट चढते, आणि नेमक्या त्याच दिवशी गोळी नसते. रमजानच्या रोज्यात पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत खरोखरच अन्नपाणी वर्ज्य असते, म्हणून तिथे डोसांच्या वेळा आधीच बदलून घ्याव्या लागतात. दोन्ही ठिकाणी उपास मोडायला लावण्यापेक्षा त्याविषयी आधी विचारणे सोपे आणि परिणामकारक असते. परंतु डॉक्टर विचारत नाहीत आणि ओरडा खावा लागेल म्हणून रुग्ण सांगत नाही.

दम्यात समजुतीला लोकलज्जेची जोड मिळते. ‘पंप’ लागला की सुटत नाही, ही भीती इतकी खोल आहे की लग्नाच्या वयाच्या मुलींचे पंप पाहुण्यांपासून लपवले जातात, आणि गोळी मात्र सौम्य मानून घेतली जाते. वास्तविक श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा पंपातला एक फवारा ०.१ मिलिग्रॅमचा असतो, तर त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची. पंपाचे औषध थेट फुप्फुसात जात असल्याने इतके थोडे पुरते. त्याहून मोठा घोटाळा दुसऱ्या पंपाबाबत होतो, जो श्वासनलिकांची सूज रोज थोडी थोडी कमी ठेवतो पण घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही. न्यूयॉर्कमध्ये दम्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांच्या २००६ मधील अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांना असे वाटत होते की धाप नसते तेव्हा दमाही नसतो, आणि असे मानणारे लोक हा रोजचा पंप कमी घेत होते.

सगळा भार समजुतींवर टाकणे अन्यायाचे होईल. गोळ्या परवडत नाहीत, सरकारी दवाखान्यात साठा संपलेला असतो, मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागते. ही कारणे खरी आहेत, आणि २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला त्यांत महाराष्ट्रही होता, आणि त्या उपक्रमाचा भर ठरावीक औषधे, महिनाभराचा पुरवठा आणि रुग्णाचा पाठपुरावा यांवर असणे योग्यच होते. पण खर्च शून्यावर आणला तरी प्रश्न संपत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अमेरिकी रुग्णांना पुढची औषधे पूर्ण मोफत देऊन पाहणाऱ्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध-सातत्य अवघे ४ ते ६ टक्केबिंदूंनी वाढले. देखरेखीलाही मर्यादा आहेत. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९५६ पासून घरी राहून उपचार घेणाऱ्या रुग्णांवर काम करताना वॉलेस फॉक्स यांना दिसले होते की बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात, आणि त्यातूनच कुणाच्या तरी नजरेसमोर औषध घ्यायला लावण्याची पद्धत पुढे आली. क्षयात ते काही महिन्यांपुरते जमते. तीस वर्षे चालणाऱ्या रक्तदाबात रोज समोर कोण उभे राहणार?

तेव्हा विचारण्याला पर्याय राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तैवानमधील कामानंतर १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह असे सुचवले की आजार कशामुळे झाला असे वाटते, तो तेव्हाच का सुरू झाला, त्यात सर्वाधिक भीती कशाची आहे, हे रुग्णालाच विचारावे. या विचाराला शास्त्रीय मुलाखतीचे रूप देण्याचे एक महत्त्वाचे काम मुंबईत झाले, जिथे मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांशी बोलून त्यांची स्वतःची कारणमीमांसा नोंदवण्याची पद्धत तयार केली आणि ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. असे प्रश्न मराठीत विचारायला अवघड नाहीत. गर्दीच्या दवाखान्यात तीन मिनिटांत ते विचारणे अवघड आहे, आणि ही अडचण डॉक्टरांच्या सदिच्छेने नव्हे तर मनुष्यबळानेच सुटेल. आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि औषध दुकानदार यांच्याजवळ रुग्ण जे बोलतो ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी वाट अजून नीट तयार झालेली नाही.

विचारून आणि ऐकून काय साधते, याचे एक बोलके उदाहरण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील २०२० च्या चाचणीत मिळाले. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली औषधे त्रास झाल्यामुळे सोडून दिलेल्या ६० रुग्णांना बारा बाटल्या दिल्या गेल्या : चार महिन्यांच्या खऱ्या गोळ्या, चार महिन्यांच्या दिखाऊ गोळ्या आणि चार रिकाम्या. कोणत्या महिन्यात खरी आणि कोणत्या महिन्यात दिखाऊ हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि रोजचा त्रास शून्य ते शंभर या मापाने ते मोबाइलवर नोंदवत होते. गोळी नसलेल्या महिन्यांत तो सरासरी ८ भरला, दिखाऊ गोळीवर १५.४ आणि खऱ्या गोळीवर १६.३. म्हणजे त्रास खोटा नव्हता, तो अंगात खरोखर होत होता, पण त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग गोळी घेतली या जाणिवेतून येत होता. अपायाच्या अपेक्षेनेच होणाऱ्या अशा अपायाला वैद्यकात ‘नोसिबो’ म्हणतात. संशोधकांनी कुणालाही वेड्यात काढले नाही. त्यांनी प्रत्येकाला त्याच्याच नोंदींचा आलेख दाखवला. सहा महिन्यांनी चौकशी केली तेव्हा साठपैकी तीस जणांनी गोळी पुन्हा सुरू केलेली होती.